डिसेंबरात टोमॅटो पेरण्याविषयी
डिसेंबरात गॅलरीतल्या कुंडीत टोमॅटोचे बी पेरावे का, या प्रश्नावर थोडे सांगते. मुंबईत रोपाला थंडीचा धोका नसतो, अडचण पुढच्या उकाड्याची असते. आता पेरलेल्या रोपाला फळे धरेपर्यंत मार्च उजाडतो, आणि तेव्हा दुपारी पारा अनेकदा ३५ अंशांपलीकडे गेल्याने फुले देठासकट गळतात. म्हणून बी सप्टेंबर-ऑक्टोबरातच पेरावे. आता हौस असेल तर तयार रोप आणावे. मेथी मात्र आजही पेरा, महिन्याभरात भाजीपुरती मिळते.

पेरणीआधी कुंड्यांतली पावसाने दबून घट्ट झालेली माती, आधीच्या झाडांची मुळे न दुखावता, खुरप्याने मोकळी करून मूठभर शेणखत मिसळणे मला पेरणीइतकेच महत्त्वाचे वाटते. माहीमच्या आमच्या गॅलरीत याच दिवसांत जास्वंदीच्या कळ्यांच्या देठांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण (रस शोषणारी कीड) दिसतो. तो जुन्या टूथब्रशने खरवडून, लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारते.

उन्हाळी भेंडी आणि गवार जानेवारीअखेरीस पेरता येतात. भेंडीचे बी मात्र रात्रभर भिजवून घ्यावे.