स्लिपवरच्या चुकीने दारूची केस पडते का?

शिरस्तेदार (धागाकर्ता):
दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, की पोलिसांचं श्वासचाचणी यंत्र आकड्याची स्लिप छापतं. 'स्लिपवर नाव चुकलंय, केस उडणार' हे हल्ली सर्रास ऐकू येतं. माझं मत अगदी उलट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ एवढंच विचारतं, की गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल होतं का. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० दंड किंवा दोन्ही. आता 'कुलकर्णी'चं 'कुळकर्णी' झालं, वडिलांचं नाव राहून गेलं, गाडीच्या नंबरात एमएच १२ ऐवजी एमएच १४ पडलं, तर रक्तातलं अल्कोहोल कमी होतं का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५११ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४६५) स्पष्ट आहे: कागदातल्या चुकीमुळे खरोखर न्यायहानी झाली असेल तरच निकाल फिरतो. कारकुनी चुकांवर केस सुटू नये आणि सहसा सुटतही नाही. विरुद्ध मत असेल त्यांनी नेमकी चूक सांगून बोलावं.

उलटतपास:
असहमत. ५११ हे अपिलात, म्हणजे आधीच झालेला निकाल फिरवायचा की नाही हे ठरवताना लागतं. मूळ खटल्यात सरकारला गुन्हा निःसंशय शाबीत करायचाच असतो, तिथे ५११ ची ढाल चालत नाही.

शिवाय या गुन्ह्यात कागदाशिवाय उरतं काय? सकाळपर्यंत अल्कोहोल उतरलेलं असतं, फुंकलेली हवा कोणी जपून ठेवत नाही. राहते ती स्लिप. नुसता तोंडाला वास, अडखळती जीभ, झोकांड्या एवढ्यावर दारू प्यायल्याचं पक्कं शाबीत होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच दारूबंदी कायद्याखालच्या प्रकरणात सांगितलंय.

नेमकी चूक हवी ना? नाकाबंदी रात्री अकराला लागते आणि मधेच तारीख बदलते. यंत्र छापतं ०१/०१, ००:२०. पंचनाम्यात हवालदार लिहितो 'दि. ३१ रोजी रात्री १२.२०'. स्टेशन डायरीत नोंद पडते '३१/१२, ००.३५'. जसंच्या तसं वाचलं तर स्लिप निघायच्या जवळजवळ चोवीस तास आधी आरोपी ठाण्यात हजर! मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. असल्या नोंदींवरून दोन तास मोजायचे कुठून?

शिरस्तेदार:
कलम २०२ चा परंतुक (शेवटी जोडलेली अट) पूर्ण वाचा. दोन तासांत तपासणी झाली नाही तर कोठडीतून सोडायचं, एवढंच तो म्हणतो. खटला संपतो असं तिथे लिहिलेलं नाही. आणि 'रात्री १२.२०' चा घोळ हवालदार सरतपासात (सरकारी वकील घेतो त्या साक्षीत) दोन वाक्यांत सोडवतो: रात्रीची नाकाबंदी होती, बारानंतरची वेळ आधीच्या तारखेखाली लिहिली गेली. स्लिप, डायरी आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला दिलेली यादी (तपासणीचं पत्र), तिन्हींत क्रम सरळ लागत असेल तर कोर्ट ते मानतं.

खरी धास्ती जानेवारीत वर्ष चुकण्याची. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा सहा महिन्यांपर्यंत, म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे कोर्टाने दखल घ्यायची मुदत एक वर्ष. घटनेचं वर्ष एकाने कमी पडलं तर केस कागदावर मुदतबाह्य दिसते. तीही मूळ स्लिप दाखवून सुधारता येते, फक्त कोणाच्या तरी वेळीच लक्षात यायला हवं.

रसायनी:
दोघेही 'चूक' एकाच मापाने मोजताय. प्रयोगशाळेच्या बाजूने बघा.

आधी एकक. यंत्र रक्तातलं प्रमाण मिग्रॅ प्रति १०० मिलि दाखवेल, टक्क्यांत दाखवेल किंवा श्वासातलं मिग्रॅ प्रति लिटर. रक्त-श्वासाचं प्रमाण २१०० ला १ धरलं तर ३० मिग्रॅची मर्यादा म्हणजे ०.०३ टक्के, आणि श्वासात साधारण ०.१४ मिग्रॅ प्रति लिटर. स्लिपवर ०.०६८ टक्के आणि दोषारोपपत्रात ०.६८ असेल तर ती उघड लेखणीची चूक, कारण ०.६८ टक्क्यांवर माणूस सहसा जिवंत राहत नाही, गाडी चालवणं दूरच. पण यंत्र श्वासाच्या एककावर असताना आलेला ०.१४ हा आकडा कोणी टक्के समजून '१४० मिग्रॅ' लिहिला, तर जेमतेम मर्यादेवरचा माणूस साडेचार पट प्यालेला ठरला. हिला कारकुनी म्हणणार?

आता रक्त. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे वैद्यकीय तपासणी आणि रक्तचाचणीचे नियम आहेत. कातडी स्पिरिटने पुसायची नाही. शिरेतून किमान ५ मिलि रक्त घ्यायचं. ते गोठणरोधक आणि परिरक्षक असलेल्या कुपीत घालून जोरात हलवायचं. लेबल, लाखेचं सील, सोबत 'ब' नमुन्याचं पत्र आणि त्यावर त्याच सीलचा ठसा. कुपी सात दिवसांत परीक्षकाकडे पोचायला हवी. कुपीत सहसा सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्सलेट असतं. फ्लोराइड कमी पडलं तर जंतू कुपीतच अल्कोहोल खातात किंवा नवं बनवतात. बूच सैल राहिलं तर ते उडून जातं, फायदा आरोपीचा. लेबलवरचं नाव एका मात्रेने चुकलं तर मला फरक पडत नाही, सील आणि क्रमांक जुळले की झालं. क्रमांक किंवा ठसा जुळत नसेल तर समोरचं रक्त कोणाचं हेच सांगता येत नाही.

उलटतपास:
+१. मुंबईतल्या सप्टेंबर २००२ च्या गाजलेल्या अपघात खटल्यात काढलेलं रक्त आणि प्रयोगशाळेत पोचलेलं रक्त यांच्या मापात फरक निघाला. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निर्दोष ठरवताना तो धरला. मिलिलिटरचा आकडाही 'कारकुनी'च म्हणता येईल की!

शिरस्तेदार:
त्या निकालात साक्षीदारांपासून बरंच काही होतं, एकट्या मिलिलिटरवर तो उभा नाही. रसायनींचं मान्य, क्रमांक न जुळणं मोठंच. पण दुरुस्तीची वाट कायद्यात आहे. स्लिपवर एका यंत्राचा अनुक्रमांक आणि फाइलला दुसऱ्याच यंत्राचं कॅलिब्रेशन (यंत्र बरोबर मोजतं का याची तपासणी) प्रमाणपत्र लागलं असेल, तर त्याच संहितेच्या कलम ३४८ खाली साक्षीदार पुन्हा बोलावून बरोबर प्रमाणपत्र दाखल करता येतं. निकालापूर्वी केव्हाही.

उलटतपास:
ते प्रमाणपत्र अस्तित्वात असेल तर! त्या यंत्राचं कॅलिब्रेशनच मुदतीत झालं नसेल तर कोणाला बोलावणार?

हातात केस असेल त्यांनी पाच गोष्टींच्या वेळा एकाखाली एक मांडाव्यात: गाडी थांबवली, स्लिप, अटक, डायरी, वैद्यकीय तपासणी. मग स्लिपवरचा यंत्राचा अनुक्रमांक आणि फुंकण्याआधीची कोरी चाचणी (यंत्रात कोणाचा श्वास नसताना घेतलेली) शून्य आहे का, ते बघावं. अल्कोहोल तासाला साधारण १५ मिग्रॅने उतरतं, आणि नुकतंच प्यायलं असेल तर अजून चढतही असतं. त्यामुळे आकडा ३४-३८ असेल तर तासाभराचा घोळ निर्णायक. तोच १६० असेल तर वेळेवर वाद घालून काही हाती लागत नाही, हे मीही मान्य करतो. आणि हे पत्ते उलटतपासापर्यंत उघडू नयेत.

शिरस्तेदार:
शेवटचा सल्ला धोक्याचा. अपिलात ५११(२) खाली कोर्ट हेही बघतं, की हरकत आधी घेता आली असती का. उलटतपासातही विचारायची राहिली तर वरच्या कोर्टात ती कोणी ऐकत नाही. पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरला, तर तुमच्या पाच वेळा मांडायला जागाच उरत नाही.

रसायनी:
स्लिप थर्मल कागदाची असते. उन्हात, प्लास्टिकच्या पाकिटात काही महिन्यांत पांढरीफटक पडते आणि दोन्ही बाजू नुसत्या झेरॉक्सवर भांडत बसतात. मिळाल्या दिवशीच फोटो काढा, अनुक्रमांक आणि एकक वाचता येईल असा.