ट्रॅफिकमध्ये ॲव्हरेज १४ वरून ११ वर आलंय, इंजेक्टर क्लीनिंग करावं का?

कांदिवलीकर:
१२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, २०१७ची, ६२,००० किमी. रोज वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेने कांदिवली ते बीकेसी. मीटरवर १४ दिसायचं, पावसाळा संपल्यापासून ११. ऑइल, एअर फिल्टर नवीन. चेक इंजिनची लाइट नाही, स्टार्टिंग छान. गॅरेजवाले इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) साफ करायला सांगतायत.

स्पॅनर_दादर:
इंजेक्टरला आत्ता हात लावू नका. ते चोंदले असते तर आयडलिंगला गाडी थरथरली असती, पिकअप अडखळला असता. पावसाळ्यानंतर हे सुरू झालंय, म्हणजे आधी ब्रेक बघा. कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) स्लाइड पिनमध्ये, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या पिनमध्ये, पाणी-चिखल जाऊन त्या जाम होतात, आणि पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतो.

तपासणी सोपी आहे. १०-१५ किमी चालवा, शेवटचा टप्पा ब्रेक कमीत कमी वापरून थांबा आणि चारही रिमांजवळ हात न्या (डिस्कला लावू नका, भाजेल). एकच रिम जास्त तापलं असेल तर दोष तिथेच. पिन काढून जुनं ग्रीस पुसायचं, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं, फाटलेलं रबर बूट बदलायचं. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

मागे ड्रम ब्रेक असतील तर हँडब्रेक फार ओढून ॲडजस्ट केलाय का तेही पाहा.

टाकीफुल:
त्याआधी ११ हा आकडा खरा आहे का ते ठरवा. पंपावर पहिल्या ऑटो कटला (नोझल आपोआप बंद होतं तेव्हा) थांबवा, ट्रिप मीटर शून्य करा, ३००-४०० किमीनंतर त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किमी भागिले लिटर. कट झाल्यावर "राउंड फिगर" करू देऊ नका, हिशेब तिथेच बिघडतो.

हवा टायर थंड असतानाच. पंपापर्यंत जाईस्तोवर प्रेशर ३-४ पीएसआय चढलेलं असतं; तेव्हा ३३ भरलं तर सकाळी ते २९-३० निघतं. नेमका आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो.

आणि ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं). इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे थोडी घट त्याचीही. पण १४ चे ११ एवढी नाही.

कांदिवलीकर:
पुढचं डावं रिम बरंच गरम लागतंय. फ्लायओव्हर उतरताना न्यूट्रल करतो, ते बरोबर ना?

स्पॅनर_दादर:
मग डावा कॅलिपर आधी उघडा. पिन मोकळ्या असूनही पॅड ढकलणारा कॅलिपरचा पिस्टन मागे सरकत नसेल तर सील किट लागेल.

न्यूट्रल अजिबात नको. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर बंदच करतो, चाकं इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये आयडलिंगसाठी पेट्रोल जळत राहतं, शिवाय इंजिन ब्रेकिंग जातं. पुढे लाल दिवे दिसले की तिथूनच पाय काढा.