अनुभव धागा : निसर्गोपचार, इंदूरच्या घरात आणि इंदूरच्या हवेत

निसर्गोपचार म्हटलं की उपास, एनिमा आणि मातीचे लेप एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्याचा मोठा भाग रोजच्या ताटात असतो आणि त्याबद्दल नेमकं फार कमी बोललं जातं. ज्यांचा या विषयात हात बसलेला आहे त्यांनी कृती, प्रमाण, काय बिघडतं आणि का, हे लिहावं. नुसतं ‘गुण आला’ नको. एक अट आहे : चालू औषध बंद करा असा सल्ला इथे कुणी कुणाला देऊ नये.

मोड आलेले मूग

सुरुवात मोडांपासून करते, कारण सगळ्यात जास्त तेच फसतात. एक वाटी मूग तीन वेळा धुऊन भिजवा. उन्हाळ्यात सहा तास पुरतात, थंडीत दहा लागतात. खरी चूक पुढे होते. पाणी काढलं की लगेच फडक्यात बांधतात. चाळणीत निदान पंधरा मिनिटं निथळू द्या आणि मगच पंच्यात सैल बांधा. पाणी साचलं आणि हवा कोंडली की मूग बुळबुळीत होतात, आंबूस वास येतो. असे मूग धुऊन वापरू नका, टाकून द्या. मे महिन्यात पुरचुंडी मधे एकदा सोडून मूग धुवावेत, परत निथळावेत. जानेवारीत इथली रात्र चांगलीच गार असते, तेव्हा पुरचुंडी बंद डब्यात घालून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवा आणि दीड दिवस धीर धरा.

कच्चे खाण्याचा आग्रह मला पटत नाही. ज्या ऊबेत मोड येतात त्याच ऊबेत जंतूही वाढतात. पाच-सात मिनिटं वाफवून घ्या. ‘क’ जीवनसत्त्व थोडं कमी होतं, ते वरून लिंबू पिळून भरून काढता येतं. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांना कच्चे मोड देऊच नयेत.

पोहे सोडायचे नाहीत

वर मोडांबद्दल लिहिणाऱ्या ताई, तुमचे हेच मूग पोह्यांत घाला. इंदुरी पोहे वाफेवर गरम राहतात, त्यामुळे पोह्यांत मुळात तेल कमीच असतं. भार वाढतो तो वरच्या शेवेनं आणि शेजारच्या जिलेबीनं. माणशी एक वाटी सुके पोहे, अर्धी वाटी वाफवलेले मूग, एक चमचा तेल, मूठभर चिरलेला कांदा-कोथिंबीर, चमचाभर दाणे. शेव चवीपुरती, एक चमचा. जीरावणात, म्हणजे वरून भुरभुरायच्या इंदुरी मसाल्यात, मीठ असतंच, म्हणून फोडणीत मीठ निम्मं घाला. दिवसभराचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅम म्हणजे एक सपाट चमचा, आणि शेव-जीरावणातच त्यातला बराच वाटा संपतो.

लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं. पोह्यांतलं आणि मुगातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. लगेच वर चहा घेतला तर चहातलं टॅनिन तेच लोह अडवतं. चहा तासाभरानं घ्या.

माती

माळव्याची काळी माती पाणी खूप वेळ धरते, म्हणून पोटावर ठेवायच्या पट्टीला उत्तम. पण सोयाबीनच्या शेतातली वरची माती घेऊ नका, तिच्यात खत आणि फवारणीचं औषध असतं. रस्ता, नाला, शेत यांपासून दूर, तीन-चार फूट खालची माती घ्या. उन्हात कडक वाळवून, कुटून, चाळून रात्रभर स्वच्छ पाण्यात भिजवा. सकाळी श्रीखंडाइतकी घट्ट हवी. पातळ झाली तर पोटावरून ओघळते, कोरडी राहिली तर दहा मिनिटांत तडकते.

सुती कापडावर फूटभर लांब, वीतभर रुंद, अर्धा इंच जाड थर पसरून उपाशीपोटी ओटीपोटावर वीस ते तीस मिनिटं ठेवा. नंतर ओल्या फडक्यानं पुसून तळहातानं चोळून ऊब आणा. हुडहुडी भरली तर लगेच काढा. पाळीत, सर्दी-दम्यात, जखमेवर नाही. वापरलेली माती परत वापरायची नाही.

माती शरीरातलं विष ओढते असं मी कुणाला सांगत नाही. ती गारवा देते, अंग सैलावतं, आणि अर्धा तास माणूस स्वस्थ पडून राहतो. गांधीजींनी कटिस्नान (कमरेपर्यंत पाण्यात बसणं) लुई कुन्हे आणि मातीचे उपचार आडोल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांच्या लेखनातून घेतले. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांचा निसर्गोपचार आश्रम निघाला तोही खेड्यातल्या माणसाला फुकट मिळेल अशा माती, पाणी, ऊन, हवा यांवर. महागडे पॅक विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुधीचा रस

काढण्याआधी तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि अख्खा दुधी फेकून द्या. कडवटपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो. ते शिजवूनही जात नाही. उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम उतरणं, इथपर्यंत जातं. काकडी, दोडका यांनाही हेच लागू. ‘कडू म्हणजे औषधी’ हा समज इथे जिवावर बेततो.

उपास आणि मोरधन

साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर दाणे, तूप, बटाटा. चवीला छान, पण त्याला लंघन म्हणू नये. मोरधन, म्हणजे वरई (भगर), घ्या : एक वाटी धुऊन, कोरडी परतून, तीन वाट्या उकळतं पाणी. न परतता टाकलं की गोळा होतो. सोबत ताक आणि भोपळ्याची भाजी.

उपास सोडताना आधी मुगाचं पातळ कढण, पुरी-भजी नंतरच्या जेवणाला. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय उपास करू नका. थरथर, दरदरून घाम आला आणि रक्तातली साखर ७० च्या खाली असली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी.

जिथे ताट अपुरं पडतं

शाकाहारी घरात बी-१२ जीवनसत्त्व दूध-दह्यातूनच येतं, आणि बरेचदा कमी पडतं. मोड, पालेभाज्या, स्पिरुलिना (शेवाळाची पूड) यांतून कामाचं बी-१२ मिळत नाही. उलट पालेभाज्यांतल्या फोलेटमुळे रक्ताच्या तपासणीत पांडुरोग (रक्त कमी होणं) झाकला जातो आणि तळपायाच्या मुंग्या, म्हणजे नसांचं नुकसान, वाढत राहतं. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांनी तर तपासणी करावीच. कमी निघालं तर गोळी घ्या, त्यात तत्त्व मोडत नाही.

‘ड’ जीवनसत्त्वासाठी सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असताना ऊन घ्या. काचेमागचं ऊन यासाठी उपयोगाचं नाही. मे महिन्यात थोडा वेळ पुरे, लू लागेपर्यंत बसू नका.

आंबील

आंबील, म्हणजे ताकात आंबवलेली ज्वारीची पातळ पेज, कशी करायची असं धाग्यावर कुणी विचारलं होतं, ती अशी : दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ अर्ध्या वाटी ताकात कालवून रात्रभर ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाच-सहा तासांवर ठेवू नका, तोंड वाकडं होईल इतकी आंबते. तीन वाट्या पाणी उकळवून त्यात धार धरून ओता आणि हात थांबवू नका. गुठळ्या होतात त्या पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकल्यानं. मंद आचेवर आठ मिनिटं. निवल्यावर अजून एक वाटी ताक, जिरेपूड, लसूण, चिमूट मीठ. ताक गरम आंबीलीत घातलं की फाटतं. पीठ आठवड्याभराचंच दळून आणा. जुनं झालं की कडवट होतं, आणि त्या पिठाची भाकरीही थापताना तुटते.