फुलपात्रातलं दूध ग्लासात ओतलं की नातीला 'जास्त' वाटतं. समजवायचं कसं?

आजोबा_सातारा: नात साडेचार वर्षांची. फुलपात्रातलं दूध तिच्यादेखत उंच ग्लासात ओतलं की खूश, "आता जास्त झालं!" परत फुलपात्रात ओतलं की "आजोबा, कमी का केलंत?" आणि रडारड. थेंबभरही सांडलेलं नसतं. वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणते, तरी हे कळत नाही. सूनबाई आत्तापासून गणिताची शिकवणी लावायची म्हणतात.

बालवाडीताई: काका, शिकवणी मुळीच नको! पोर अगदी वयाप्रमाणे वागतेय. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (1896–1980) यांनी मुलांसमोर असंच पाणी ओतून प्रश्न विचारले होते. दोन ते सात या वयाला त्यांनी पूर्वक्रियात्मक अवस्था म्हटलं. मूल उंचीकडे बघतं तेव्हा रुंदी सुटते, आणि ओतलेलं मनातल्या मनात परत ओतून बघणं त्याला जमत नाही. माझ्या वर्गात मी चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडते. एक ओळ जरा पसरली की लगेच बोट तिकडे, "हिच्यात जास्त!" मोजायला लावलं, दोन्हीकडे सहा आले, तरी उत्तर तेच. आकडे म्हणता येणं वेगळं आणि 'किती' हे उमजणं वेगळं, हे पालकांना सांगून सांगून माझा घसा बसतो. चिंचोक्यांचं आधी उमजतं, दूध-पाण्याचं त्यानंतर, वजनाचं आणखी उशिरा. ओतायला तिच्याच हातात द्या. सांडू दे थोडं.

एमए_मानसशास्त्र: ताईंशी सहमत. एक भर घालते. प्रश्न कसा विचारतो यावरही बरंच अवलंबून असतं. 1970च्या दशकात मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी ओळ विस्कटायचं काम एका खट्याळ टेडीला दिलं, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मोठ्या माणसाने मुद्दाम ओळ हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार. म्हणून तिची सारखी परीक्षा घेऊ नका.

आजोबा_सातारा: सूनबाईंना वाचून दाखवलं. शिकवणी रद्द! धाकटा नातू नऊ महिन्यांचा आहे. खुळखुळा दुपट्ट्याखाली लपवला की दुपटं ओढून काढतो. हेही यातलंच का?

बालवाडीताई: हो काका! दिसेनाशी झालेली वस्तू असते कुठेतरी, हे त्याला कळू लागलंय. एकाच दुपट्ट्याखाली दोन-चारदा लपवा, मग त्याच्यादेखत शेजारच्या दुसऱ्या दुपट्ट्याखाली ठेवा. बहुधा पहिल्याखालीच शोधेल. वर्षाचा झाला की हळूहळू तेही जमेल.