युती, आघाडी की संमिश्र सरकार?

प्रश्न : निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही आणि एकमेकांविरुद्ध लढलेल्या पक्षांनीच मिळून सरकार बनवलं, तर त्याला ‘युती सरकार’ म्हणायचं की ‘आघाडी सरकार’? कोशात दोन्हींचे अर्थ जवळपास सारखेच दिसतात. अनुवाद करताना दर वेळी इथे अडायला होतं.

अडायला होतं, कारण महाराष्ट्रात हे दोन्ही शब्द आता निव्वळ सामान्यनामं राहिलेले नाहीत. १९९५ मध्ये शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ आमदार निवडून आले, अपक्षांच्या पाठिंब्यावर मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. पुढची चार-साडेचार वर्षं ‘युतीचं सरकार’ म्हणजे कुणाचं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. १९९९ मध्ये काँग्रेस (७५) आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिच्यातून फुटून निघालेली राष्ट्रवादी (५८) समोरासमोर लढल्या आणि निकालानंतर एकत्र बसल्या. तुमच्या प्रश्नातली परिस्थिती नेमकी हीच. त्यांनी नाव घेतलं ‘लोकशाही आघाडी’. तोवर ‘युती’ दुसऱ्या घरी नांदायला गेली होती. त्याही आधी, १९७८ मध्ये शरद पवारांनी जनता पक्षाला सोबत घेऊन सरकार केलं, तेव्हा या दोन्हींतला एकही शब्द वापरला नव्हता. ते होतं ‘पुरोगामी लोकशाही दल’, म्हणजे पुलोद.

निवडणुकीआधी जमते ती युती आणि निकालानंतर जमते ती आघाडी, असा फरक काही जण सांगतात. तो वापरात टिकत नाही. काँग्रेस-राष्ट्रवादीने पुढच्या निवडणुका आधी जागावाटप करून लढवल्या, तरी ती आघाडीच राहिली. आणि भाजप मुंबईत युतीत असताना दिल्लीत ‘राष्ट्रीय लोकशाही आघाडी’त होता. पक्ष तेच, गाव बदललं की शब्द बदलला.

मुळाकडे गेलं तर फरक सापडतो आणि मला तो जपावासा वाटतो. ‘युती’च्या मुळाशी संस्कृतातला जोडणे या अर्थाचा ‘यु’ धातू आहे. राजकारणात येण्याआधी हा शब्द पंचांगात होता. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू-शनीची युती झाली, तेव्हा ते दोन ग्रह नुसत्या डोळ्यांना जवळजवळ चिकटलेले दिसत होते. प्रत्यक्षात त्यांच्यात सत्तर कोटी किलोमीटरहून जास्त अंतर होतं आणि दोघेही आपापल्या कक्षेतच फिरत होते. दोन पक्ष आपली ओळख न सोडता जवळ येतात, त्याला याहून नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही.

‘आघाडी’ रणांगणावरून आली. तिच्यासमोर ‘पिछाडी’ आहे. तिच्यात सोबतीपेक्षा कुणाच्या तरी विरोधात एकत्र उभं राहणं जास्त आहे, म्हणून अनेक छोट्या पक्षांच्या फळीला ती शोभते. अडचण एकच : ‘आघाडी घेणे’ म्हणजे पुढे असणे हा अर्थही तितकाच रोजचा. मतमोजणीच्या दिवशी ‘आघाडीची चाळीस जागांवर आघाडी’ असं वाक्य लिहायची पाळी येते आणि वाचणारा दोनदा वाचतो. तिथे सरळ ‘पुढे’ लिहावं.

क्रियापदांतही मुळातला फरक थोडा उरला आहे. २५ सप्टेंबर २०१४ ला शिवसेना-भाजप आणि काँग्रेस-राष्ट्रवादी एकाच दिवशी वेगळे झाले. माझ्या कानाला त्या दिवशी युती ‘तुटली’ आणि आघाडी ‘फुटली’. तुटतो तो दोघांमधला धागा, फुटते ती फळी. उलट लिहिलं तर चूक म्हणणार नाही, पण जरा खटकतं.

आता तुमचा अनुवाद. बातमी परदेशातली असेल तर सरकारच्या प्रकाराला ‘संमिश्र सरकार’ म्हणा. हा शब्द अजून कुठल्या पक्षाच्या दाराशी बांधलेला नाही. सप्टेंबर २००५ मध्ये जर्मनीत असंच झालं : दोन मोठे प्रतिस्पर्धी, एकाला २२६ जागा, दुसऱ्याला २२२. दोन महिने वाटाघाटी चालल्या आणि नोव्हेंबरमध्ये अँगेला मर्केल चॅन्सलर झाल्या. याला ‘महायुती’ लिहिलंत तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बर्लिन येणारच नाही. ‘दोन्ही प्रमुख प्रतिस्पर्ध्यांचं संमिश्र सरकार’ लांब आहे, पण स्वच्छ आहे. ‘मोट बांधली’, ‘कडबोळं’ हे शब्द बातमीत नकोत, त्यांत आधीच मत आलेलं असतं. (ही मोट विहिरीवरची नव्हे. बांधायची मोट म्हणजे गाठोडं.) आणि बाहेरून पाठिंबा देणारा पक्ष संमिश्र सरकारात मोजू नये. तो मंत्रिमंडळात नसतो.

प्रश्न : आणि ‘त्रिशंकू’? तिथे तीन पक्ष असायलाच हवेत का?

नाही. हा ‘त्रि’ पक्षांचा नाही. हरिवंशात त्या राजाच्या तीन पापांवरून हे नाव पडल्याचं सांगितलं आहे. विश्वामित्राने त्याला सदेह स्वर्गाकडे पाठवलं, इंद्राने खाली ढकललं आणि तो मध्येच लटकला, एवढंच साम्य इथे घ्यायचं. हे विशेषण सभागृहाचं आहे, म्हणून ‘त्रिशंकू विधानसभा’ बरोबर आणि ‘त्रिशंकू सरकार’ चूक. सरकार बनलं की लटकणं संपलं.

तरी सभागृह त्रिशंकू कधी म्हणायचं, हे ‘युती’ शब्दावरच अवलंबून असतं. २४ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला तेव्हा भाजपचे १०५ आणि शिवसेनेचे ५६ मिळून १६१ होत होते आणि बहुमताला १४५ पुरे होते. त्या संध्याकाळी विधानसभेला कुणी त्रिशंकू म्हटलं असतं तर ते चूक ठरलं असतं. मग युती तुटली, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. एकाही आमदाराचा आकडा न बदलता तीच विधानसभा त्रिशंकू झाली होती.