मदत हवी आहे: गावठी काजूचा गर अख्खा कसा काढायचा? आणि जीआयची (भौगोलिक मानांकनाची) खूण कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी. आम्ही वाळपईजवळचे, गोव्यातल्या सत्तरीचे. डोंगरउतारावर काजूची जुनी बाग आहे. आजवर बोंडू (काजूचं फळ) फेणी गाळणाऱ्या भाटीवाल्याला आणि सुकवलेल्या बिया बाजारात, असंच चालत आलं. यंदापासून वहिनी, मी आणि वाड्यावरच्या काहीजणी मिळून बिया स्वतःच फोडतोय.

बिया वाफवून रात्रभर निवत ठेवतो आणि सकाळी हातापायाच्या यंत्रावर कापतो. अडचण इथेच येते. आमची झाडं कलमांची नाहीत, बी रुजून वाढलेली. त्यामुळे एकाच टोपलीत करंगळीच्या पेराएवढी बी असते आणि वेंगुर्ला-४ या कलमी जातीसारखी टपोरीही. पातं मोठीला बसवलं की लहान बी नुसती दबते, लहानीला बसवलं की मोठीचा गर चिरतो. किलोभर बियांतून मुळात पाव किलोच्या आसपास गर निघतो, त्यातही पाकळी (दोन फाकी झालेला गर) आणि तुकडाच जास्त. अख्ख्या गराचा भाव त्याला कोण देणार? वाफवण्याआधी चाळून प्रतवारी करता का? चाळणीची भोकं किती मिलिमीटरची? की आमचा वाफेचा वेळच चुकतोय?

दुसरं पावसाळ्याचं. ड्रायरमध्ये ७० अंशांवर सात-आठ तास ठेवला की साल सुटते, गर कुरकुरीत होतो. पण इथल्या जुलैच्या हवेत पाकीट उघडलं की लगेच मऊ पडतो. पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरणारं लहान यंत्र घरगुती उद्योगाला परवडतं का?

आणि सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये जीआय मिळाला. इथल्या कारखान्यांना स्थानिक बी पुरत नाही, आफ्रिकेतून आणावी लागते. पर्यटक मात्र सगळाच ‘गोव्याचा काजू’ समजून नेतात. आमची बी खरोखर इथल्या मातीतली आहे आणि ते पाकिटावर दिसायला हवं. त्यासाठी चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव लावावं लागतं. एखाद्या लहान गटाने असा अर्ज केलाय का? बागेचा पुरावा म्हणून एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा) पुरतो का?

जुने गोव्याच्या आयसीएआर कृषी संशोधन केंद्रात विचारणार आहोतच. पण बियांच्या चिकाने ज्यांचे स्वतःचे हात काळे झालेत त्यांचा अनुभव आधी हवाय. आजरा, चंदगड, वेंगुर्ल्याच्या काजूवाल्यांनीही जरूर लिहा. पात्याचा फोटो लागला तर टाकते.