सासूबाईंना डिमेन्शिया आहे, घरीच सांभाळतेय. गोव्यात मदत कुणाकडे मागायची?

जाईजुई_फोंडा

नमस्कार मंडळी. आमच्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. गेल्या गणेश चवथीपासून त्यांचं विसरणं फार वाढलं, तपासणी झाली आणि डॉक्टरांनी डिमेन्शियाचं निदान केलं. गोळ्या वेळेवर देते. पण घरी आल्यावर दिवस कसा काढायचा हे कुणी सांगितलं नाही.

मिस्टर वेर्ण्याला कारखान्यात, शिफ्टची नोकरी. दीर कतारला, पैसे पाठवतात, फोन करतात. नणंद साखळीला. त्यामुळे चोवीस तास त्यांच्याजवळ मीच. बालवाडीत शिकवत होते, ते सोडलं.

सगळ्यात कठीण वेळ संध्याकाळची. दिवेलागण झाली की साड्यांचं गाठोडं बांधतात आणि पडवीच्या दारात उभ्या राहतात. "मला मयेला सोड, आई वाट बघते." मये त्यांचं माहेर, आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी समजावते की हेच तुमचं घर, की त्या चिडतात, कधी हातही उगारतात. आंघोळीलाही तेच. रात्री तीन-चारदा उठतात, मग माझीही झोप नाही.

घरी येऊन शिकवणारं, मार्ग दाखवणारं कुणी आहे का? दिवसातून थोडा वेळ बसायला विश्वासाची बाई कशी शोधायची? सरकारकडून काय मिळतं? आश्रमात ठेवा म्हणणारे नातेवाईक भरपूर आहेत, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

डिचोलीकर

आधी एक नंबर लिहून घ्या: १४५६७. एल्डरलाइन, ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन. फोन फुकट, सकाळी ८ ते रात्री ८. आम्ही आजोबांच्या पेन्शनच्या कागदांसाठी केला होता, पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. ज्येष्ठांनीच फोन करायला हवा असं नाही, सांभाळणाऱ्यांनी केला तरी चालतो.

सुमनताई_म्हापसा

जाईजुई, मी इस्पितळात वैद्यकीय समाजसेविका होते, आता निवृत्त आहे. अशा घरांमध्ये आयुष्य गेलं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट तुझ्याबद्दल. तुझ्या पूर्ण पोस्टमध्ये सासूबाईंना काय हवं ते आहे, तुझ्यासाठी म्हणून एक ओळही नाही. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा तुझी झोप, तुझं डोकं दुखणं, तुझं रडू येणं हेही सांगायचं. सांभाळणारी बाई आजारी पडली की दोन पेशंट होतात आणि घरात करणारं कुणी उरत नाही. हे मी फार वेळा पाहिलंय.

दुसरं, आपल्या गोव्यात या विषयावर जगाने दखल घ्यावी असं काम झालंय आणि गोवेकरांनाच ते ठाऊक नसतं. २००८ साली इथल्या ८१ कुटुंबांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात डिमेन्शियाचा माणूस असलेली ही कुटुंबं. निम्म्या घरांत प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक बायका सहा महिने नियमित जात होत्या. डॉक्टर किंवा नर्स नव्हे, इथलीच भाषा बोलणाऱ्या, जेमतेम बारावीपर्यंत शिकलेल्या बायका. त्या आजार समजावून सांगायच्या, चिडचिड झाली तर काय करायचं ते शिकवायच्या, सरकारी योजनांची माहिती द्यायच्या, नातेवाइकांना बसवून कामं वाटून द्यायच्या. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायच्या. त्या घरांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्ट कमी झाला. तू मागतेस ते हेच आणि ते मागण्यात गैर काहीच नाही.

या कामाशी जोडलेली डिमेन्शिया सोसायटी ऑफ गोवा आणि पर्वरीची संगाथ संस्था, या दोन्हींकडे विचार. आज घरभेटीसाठी कोण येऊ शकेल, काळजीवाहकांची बैठक कधी असते, ते फोनवर विचारून मगच जा, म्हणजे हेलपाटा पडणार नाही. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळात, तर जाच. तिथे मानसोपचार विभागातले समाजसेवकही असतात. ओपीडीत नंबर लागल्यावर नुसतं औषध लिहून घेऊन परत फिरू नकोस. "मला समाजसेवकांशी बोलायचंय, घरची परिस्थिती सांगायचीय" असं स्पष्ट शब्दांत म्हण. ते विचारलं नाही तर गर्दीत राहून जातं. जिल्हा इस्पितळातही, उत्तर गोव्यात म्हापशाला किंवा दक्षिण गोव्यात मडगावला, ज्येष्ठांच्या ओपीडीची चौकशी कर. फिजिओथेरपीसाठी उपयोग होईल.

आता संध्याकाळचं. "हेच तुमचं घर" हे वाक्य उद्यापासून बंद. त्यांच्या मनात त्या आता दहा-बारा वर्षांच्या आहेत आणि तू त्यांना आईपासून अडवतेस. त्यांच्याबरोबर उभी राहा आणि विचार, "मयेच्या घरी काय काय होतं? तळं किती लांब? आई काय करायची?" बोलता बोलता गाठोडं हातात घे, "चला" म्हण आणि तुळशीला दोन फेऱ्या मारून आत आण. दिवे अंधार पडायच्या आधी लाव, सगळ्या खोल्यांत. कोपऱ्यातल्या सावल्यांना त्या घाबरतात. दुपारची झोप अर्ध्या तासावर आण, चारनंतर चहा नको. आणि नवीन चिडचिड दोन-तीन दिवसांत एकदम वाढली तर ती डिमेन्शियाची म्हणून सोडून देऊ नकोस. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, दुखणारा दात, असं काहीतरी बहुधा निघतं.

आंघोळीचंही सांगते. डोक्यावर एकदम तांब्या ओतायचा नाही. आधी पायांवर कोमट पाणी, मग हात. खांद्यावर टॉवेल राहू दे आणि टॉवेलच्या आतून अंग धू. बऱ्याच बायकांना पाण्यापेक्षा सुनेसमोर उघडं पडण्याची लाज जास्त वाटते, आजारातही ती जात नाही. नाहीच म्हणाल्या तर त्या दिवशी ओल्या पंच्याने पुसून घे, काही बिघडत नाही.

तिसवाडीकर_काका

सुमनताईंनी मुख्य ते सांगितलं. मी बँकेतून निवृत्त, त्यामुळे पैशाचं आणि कागदांचं लिहितो.

गोवा सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना तुम्हाला माहीत असेलच. साठीच्या पुढे, गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य, उत्पन्नाची अट. महिना २,००० रुपये. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात आणि पुन्हा चालू करायला खेटे पडतात, कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

आजारपणासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड, म्हणजे डीडीएसएसवाय, बहुतेकांकडे असतं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. शिवाय २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. सासूबाई त्यात बसतात, आधारवर नोंदणी होते. पण ही दोन्ही इस्पितळात भरती झाल्यावर कामाला येतात. घरी बसायला ठेवलेल्या बाईचा पगार किंवा डायपर यांतून मिळत नाहीत. लोक तीच आशा धरून जातात आणि निराश होतात, म्हणून आधीच सांगतो.

बँकेचं: रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यायला सांगितलंय. रोकड आणून देणं, डिमांड ड्राफ्ट, हयातीचा दाखला वगैरे. शाखेत टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. केंद्राच्या किंवा राज्याच्या पेन्शनचा हयातीचा दाखला पोस्टमनही घरी येऊन बोटाच्या ठशावर करून देतो.

आणि हे लवकर करा. सासूबाईंना सही समजतेय, दिवस चांगला आहे, अशा वेळी खातं जॉइंट करून घ्या, नॉमिनी तपासा. मुखत्यारपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. माणसाची समज गेली की कायद्याने मुखत्यारपत्रही संपतं. मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो आणि त्यात फार दमछाक होते.

मधुरा_पेडणे

याच धाग्यावर विचारते, चालेल ना? माझी मावशी पेडण्यात एकटी राहते, मूलबाळ नाही. घर तिने पुतण्याच्या नावावर करून दिलं, "मी बघतो तुला" म्हणाला होता. आता तो फिरकतही नाही. ती म्हणते कोर्टात जायचं नाही, घराण्याची अब्रू जाईल.

कुळागर

मधुराताई, कोर्टात जायलाच हवं असं नाही. पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७. उपजिल्हाधिकाऱ्यांकडे न्यायाधिकरण असतं, अर्ज साधा लिहायचा, वकील लागत नाही. मुलं नसली तर ज्याला मालमत्ता मिळाली किंवा मिळणार त्या नातेवाइकाकडे निर्वाह मागता येतो. अर्ज मावशीच्या वतीने संस्थाही करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल व्हावा असं कायदा म्हणतो.

घराचं मात्र बक्षीसपत्र नीट वाचा. कलम २३ खाली व्यवहार रद्द होतो, पण त्यासाठी "सांभाळायच्या अटीवर दिलं" हे दिसायला हवं. २०२२ च्या अखेरीस सुप्रीम कोर्टाने ही अट काटेकोर धरली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कोर्टाने एका आईच्या बाजूने निकाल देताना कायदा ज्येष्ठांच्या हिताने उदारपणे वाचावा असं म्हटलं आणि ताबाही परत द्यायला सांगितलं. वेगळ्या कागदावर पुतण्याने लिहून दिलेलं वचन असेल तर तेही जपून ठेवा. आणि गोव्यातली खास गोष्ट: मावशीचे यजमान हयात असताना व्यवहार झाला असेल तर दोघांची संमती होती का ते बघा. आपल्याकडच्या विवाह कायद्यात घर सहसा नवराबायकोचं मिळून असतं, दोघांपैकी एकाने परस्पर देता येत नाही.

अब्रूचं म्हणाल तर म्हाताऱ्या बाईला उपाशी ठेवणाऱ्याची जायला हवी, तिची का जावी?

म्हापशेकर

जाईजुईताई, तुम्ही नको म्हणालात, तरी आदराने लिहितो. वृद्धाश्रम म्हणजे टाकून देणं हे मनातून काढा. आमच्या काकांचं कुणीच नव्हतं, ते प्रोव्हेदोरियाच्या आश्रमात होते. पोर्तुगीज काळापासूनची सरकारी संस्था आहे ती, गोव्यात ठिकठिकाणी आश्रम चालवते. तिथे त्यांना सोबत मिळाली, वेळेवर पेज मिळाली. आज तुम्हाला गरज नाही. पण पुढे त्या अंथरुणाला खिळल्या आणि तुमची कंबर गेली, तर हा मार्ग निवडणाऱ्या सुनेला कुणी नावं ठेवू नयेत. जागा बघायला जाल तेव्हा जेवणाच्या वेळी, न सांगता जा. भरवणारी बाई म्हाताऱ्यांशी कशी बोलते ते ऐका. भिंतीवरचे फोटो बघून काही कळत नाही. आणि डिमेन्शियाचे पेशंट घेतात का, हा पहिला प्रश्न, कारण बरेच आश्रम घेत नाहीत.

जाईजुई_फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हापशेकर, तुमचं वाचून राग आला नाही, उलट बरं वाटलं. सुमनताई, काल "तळं किती लांब" विचारलं. सासूबाई ओटीवर बसल्या आणि तळ्यातल्या कमळांचं सांगत राहिल्या, गाठोडं बाजूला राहिलं. आज पुन्हा चिडल्या, पण हात उगारला नाही.

बाई ठेवण्याबद्दल अजून सांगाल का? आणि नणंदेला कसं म्हणू? ती आली की "वहिनी किती करते" म्हणते आणि चहा पिऊन जाते.

सुमनताई_म्हापसा

ब्युरोतून बाई घेतलीस तर तिचं आधार आणि पोलीस पडताळणी झाल्याशिवाय घरात एकटं सोडायचं नाही. त्यापेक्षा वाड्यावरची ओळखीची बाई बरी. पंचायतीत, अंगणवाडीत विचार, महिला मंडळात विचार. पहिला आठवडा तू घरात असतानाच तिला बसव, म्हणजे सासूबाईंना तिचा आवाज ओळखीचा होईल. काम लेखी ठरव: सोबत बसणं, भरवणं, शौचाला नेणं. धुणीभांडी तिच्या गळ्यात घालू नकोस, नाहीतर लक्ष पेशंटवर राहत नाही. पगार दिरांनी थेट तिच्या खात्यात पाठवावा. पैसे पाठवणाऱ्यालाही आपण सांभाळण्यात आहोत असं वाटलं पाहिजे आणि तुझ्यामागचा हिशेबही सुटेल.

नणंदेचं असं, "मदत कर" म्हटलं की माणूस कधीतरी करू म्हणतो. वार सांग. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी जेवून ये, रविवारी सकाळी आंघोळ घालून जा. तुझ्या मिस्टरांनी बहिणीला फोन करून सांगावं, तू नव्हे. आईचं काम आहे, भावाने बहिणीकडे मागावं. त्या शनिवारी तू घरात थांबायचं नाहीस, आवरायला म्हणून सुद्धा नाही. बालवाडीतल्या बाईंना भेटून ये, अर्धा दिवस तरी परत घेतात का विचार.

आयपीएचबीला जाशील तेव्हा रात्री किती वेळा उठतात, काय खाल्लं, चिडायच्या आधी काय झालं होतं, हे एका वहीत लिहून ने. डॉक्टरांसमोर दहा मिनिटांत काही आठवत नाही, वही पुढे केली की औषधही नेमकं बदलतात. भेट झाल्यावर इथे लिही, कारण पुढचं त्यांनी काय सांगितलं त्यावर ठरवू.